मैदान मोजा

शाळा तपासायला आलेला साहेब हजेरीपट बघतो, पोषण आहाराच्या तांदळाची कोठी बघतो, स्वच्छतागृहाचं दार उघडून बघतो, चौथीच्या पोराला उभं करून पाढा म्हणायला लावतो. हे सगळं त्याने बघावंच. पण ज्या जमिनीवरून चालत तो वर्गापर्यंत आला, तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. हे मैदान किती मोठं? कुणाच्या नावावर? गेल्या आठवड्यात पोरं यावर किती वेळ खेळली? सरकारी माहितीच्या अर्जात ‘मैदान आहे का’ असं विचारलेलं असतं. ‘आहे’ असं लिहिलं की वर्षभराची चौकशी संपली.

भंडारा जिल्ह्यात सात तालुके. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुठल्याही गावात जा, शाळेपुढे थोडीफार मोकळी जमीन दिसते. माझं म्हणणं या जमिनीबद्दल आहे. शाळेचा सर्वांत मोठा वर्ग तीच आहे, आणि सर्वांत कमी राखण तिचीच होते.

निकाल सगळ्यांदेखत

वर्गात पोराची जागा पहिल्याच वर्षी ठरते. कुणाच्या बापाची किती एकर धानाची शेती, कुणाची आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, हे पोरांना दप्तरावरून कळतं, चपलेवरून कळतं, बोलावणाऱ्याच्या आवाजावरूनही कळतं. मैदानावर हे सगळं पुसून जातं असं मी म्हणणार नाही. जात आणि पैसा तिथेही येतात, संघ निवडताना तर हमखास येतात. पण मैदानावर एक गोष्ट अशी आहे जी वर्गात नाही. चढाईला गेलेला पोरगा धरणाऱ्यांना ओढत मधल्या रेषेला टेकला की टेकला. त्याचं आडनाव बघून तो गुण काढून घेता येत नाही, कारण सगळी शाळा रेषेकडे डोळे लावून उभी असते. मजुराच्या पोराला आपण खरोखर कुणापेक्षा तरी पुढे आहोत हे पहिल्यांदा इथे कळतं, आणि ते इतरांनाही मान्य करावं लागतं.

हरणंही इथेच शिकता येतं. परीक्षेचा निकाल मोबाइलवर एकट्याने बघून तोंड लपवता येतं. मैदानावरची हार चारचौघांत पचवावी लागते, आणि घंटा झाली की ज्याने हरवलं त्याच्याच शेजारी जाऊन बसावं लागतं. उद्या पुन्हा त्याच्याशीच खेळायचं असतं. आयुष्यात पुढे भाऊबंदकी येते, धंद्यातली खोट येते, भरतीत नापास होणं येतं. हरल्यावरही माणूस उरतो, हा धडा ज्याने दहाव्या वर्षी गिरवला त्याला पंचविसाव्या वर्षी तो उपयोगी पडतो.

आणि भांडण. ‘बाद होता’, ‘नव्हता’ यावरून रोज भांडण होतं आणि ते मिटवायला मोठं माणूस जवळ नसतं. कुणीच मागे हटलं नाही तर डाव मोडतो आणि सगळ्यांचीच सुटी वाया जाते. म्हणून कुणीतरी हटतं, कुणीतरी ‘पुन्हा टाक’ म्हणतं. नियम सर्वांनी मिळून पाळला नाही तर खेळच राहत नाही, हे नागरिकशास्त्राच्या धड्याने किती पोरांना पटलं असेल ते माहीत नाही. मैदानावर ते रोज पटतं.

शिवाय ते पोरगं, ज्याला बेरीज अडते, इंग्रजी वाचताना जीभ अडखळते, ज्याला दिवसभर खाली मान घालून बसावं लागतं. त्याला शाळेत यायला मैदान हे एक कारण असतं. कधीकधी तेवढंच कारण असतं. ते काढून घेतलं की शाळा सुटायला वेळ लागत नाही.

चार महिन्यांचा हंगाम

आपल्या जिल्ह्यात मैदानाला ऋतू आहेत. रोवणीच्या दिवसांत त्यावर चिखल असतो आणि वरच्या वर्गातली बरीच पोरं बांधीत असतात. दिवाळी झाली की मंडया भरू लागतात. रात्री दंडार, दिवसा कबड्डी, गावोगाव सामने. थंडीत शाळांचे क्रीडा मेळावे, केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत. मार्च लागला की परीक्षा, आणि त्यानंतरचं ऊन असं की सकाळचे काही तास सोडले तर पोरांना बाहेर पळवणं धोक्याचं. म्हणजे वर्षातले खेळाचे खरे महिने चारच.

नेमके तेच महिने लग्नांचे, सभांचे आणि प्रवचनांचे. मांडवाला जागा हवी, जेवणावळीला जागा हवी, मोठ्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायलाही जागा हवी. मांडव निघून जातो. खड्डे राहतात, खिळे राहतात, काच राहते. ज्याने मांडव घातला त्याने मैदान होतं तसं करून द्यावं, एवढी साधी अट आपण घालत नाही. लॉनवाला नुकसानभरपाईची अनामत आधी घेतो. शाळेने ती घेतली तर लोकांना वाईट का वाटावं?

चांगल्या कामांनी खाल्लेलं

मैदान बहुतेक वेळा वाईट हेतूने जात नाही. लढायला तेच सर्वांत अवघड.

आधी अंगणवाडी येते. लहान लेकरं, कोण नाही म्हणेल? मग पाण्याची टाकी. बाया लांबून पाणी आणतात, कोण नाही म्हणेल? मग समाजमंदिर, मग ग्रामपंचायतीची इमारत, मग वाचनालय. यातलं प्रत्येक बांधकाम गरजेचं असतं, म्हणून एकालाही विरोध होत नाही. दहा वर्षांनी बघावं तर शाळेपुढे एक गल्ली उरलेली असते आणि पोरं त्या गल्लीत रबरी चेंडूने खेळत असतात. तिथेही वाचनालयाच्या खिडकीची काच फुटली म्हणून त्यांनाच ओरडा बसतो.

या सगळ्यासाठी शाळेचीच जागा का? कारण गावात दुसरीकडे जागा शोधायची म्हटलं की कुणाचा तरी रोष येतो. कुणाचं अतिक्रमण हटवावं लागतं, कुणाच्या गोठ्याला हात लावावा लागतो. शाळेच्या जागेत बांधलं तर कुणी भांडत नाही. पोरांना मत नाही, ती ग्रामसभेत हात वर करत नाहीत.

दुसरं कारण निधी. आमदार निधी असो, खासदार निधी असो, त्यातून भिंत उभी राहिली की तिच्यावर नाव कोरता येतं. नीट राखलेल्या मैदानावर नाव लावायला जागाच नसते. म्हणून मैदानासाठी पैसा आला तरी तो मैदानावर काहीतरी उभं करूनच खर्ची पडतो. खुल्या व्यायामशाळेची लोखंडी यंत्रं जिथे कबड्डीचं अंगण होतं तिथेच रोवली जातात. ती यंत्रं मोठ्यांच्या मापाची. तिसरीतल्या पोराचे पाय त्यांना पुरत नाहीत.

आणि गट्टू. चिखल होतो म्हणून शाळेच्या अंगणात गट्टू बसवायची लाट आली आहे. प्रार्थनेला उभं राहायला, झेंडावंदनाला, फोटोला ते छान दिसतं. पण गट्टूवर कबड्डी खेळता येत नाही. एकदा पडलं की गुडघा फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येऊन ‘पोरांना खेळवू नका’ म्हणतात. चिखलावर उपाय मुरूम आहे. पाणी वाहून जाईल असा उतार, बाजूने नाली, वर मुरमाचा थर, पाणी मारून रोलर. आपल्या जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो, हे नवीन नाही. ज्या गावांनी मालगुजारांच्या काळापासून तलावांच्या पाळी बांधल्या, पाणी बांधीबांधीतून फिरवलं, त्या गावांना शाळेपुढचं पाणी काढता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

कायदा पोरांच्या बाजूने आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीत काय काय हवं याची यादी आहे. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पुरेसं पाणी, माध्यान्ह भोजनाचं स्वयंपाकघर, कुंपण. त्याच यादीत मैदान आहे, पाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या बरोबरीने. खेळाचं साहित्यही त्याच अनुसूचीत आहे. म्हणजे नळ नसलेली शाळा जितकी अपुरी तितकीच मैदान नसलेली शाळा अपुरी. मैदान ही हौस असती तर कायद्याने ती या यादीत घातली नसती.

एक भोक मात्र कायद्याने ठेवलं. मैदान किती मोठं, हे तिथे लिहिलेलं नाही. त्यामुळे दोन खोल्यांमधलं अंगणही कागदावर मैदान ठरतं.

हरियाणातल्या यमुनानगर जिल्ह्यात भगवानपूर नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेलगतच्या जमिनीवर लोकांनी अतिक्रमण करून घरं बांधली होती. उच्च न्यायालयाने बाजारभावाने पैसे घेऊन ती कायम करायचा मार्ग काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये तो मार्ग बंद केला. मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असं न्यायालयाने ठणकावलं आणि जागा सोडायला १२ महिन्यांची मुदत दिली. घरं आधीपासून आहेत, पैसे भरायला लोक तयार आहेत, या सबबी चालल्या नाहीत. आपल्याकडे अतिक्रमणाचा विषय निघाला की ‘आता काय करायचं, झालं ते झालं’ म्हणणाऱ्या प्रत्येक सरपंचाला हा निकाल वाचायला द्यायला हवा.

शहरांची गोष्ट आणखी वेगळी. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथे नगर परिषदा आहेत आणि शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी जागा राखून ठेवता येते. पण महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे की आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. नकाशावरचं मैदान असं कुणी न हलवता निघून जातं. अधिकाऱ्याने काहीच केलं नाही तरी निर्णय होतो, आणि तो पोरांच्या विरोधात होतो. आपल्या शहरातल्या कुठल्या आरक्षणाची मुदत कधी संपते, हे नगरसेवकांना माहीत हवं. त्यांना नसेल तर आपण विचारायला हवं.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, त्यांच्याबरोबर शाळा गेल्या आणि मैदानंही गेली. शेताचा मोबदला मोजला, घराचा मोजला, झाडांचाही मोजला. पोरांच्या खेळायच्या जागेचा मोबदला कुणी मागितलाही नाही. पुनर्वसित गावात नागरी सुविधांची तपासणी होते तेव्हा शाळेच्या इमारतीपुढे बरोबरची खूण करून पुढे जाऊ नये. मैदानात उभं राहावं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं, मग खूण करावी.

खेळाचे सर

मैदान असलं आणि खेळवणारं माणूस नसलं तर मैदान दांडगाईच्या ताब्यात जातं. बॅट ज्याची त्याचा डाव, बाकीचे कडेला.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं, पण अट घातली: पट शंभराच्या वर हवा. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत शाळेचा पट शंभराला पोचतच नाही. म्हणजे लहान गावात जन्मणं हाच त्या पोराचा दोष ठरतो. २०१८ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांपैकी जेमतेम ६ टक्के शाळांत आणि उच्च प्राथमिक शाळांपैकी सुमारे ३१ टक्के शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. बाकी ठिकाणी गणिताचे किंवा मराठीचे गुरुजीच शिट्टी वाजवतात. त्यातले कित्येक मनापासून वाजवतात, स्वतःच्या खिशातून दोरी आणि चेंडू आणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण व्यवस्था कुणाच्या चांगुलपणावर सोडून द्यायची नसते.

हे विदर्भात घडावं याचं जास्त दुःख होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवणारे इथलेच. खेळाचे शिक्षक घडवणारी इतकी जुनी परंपरा शेजारच्या विभागात, आणि बी. पी. एड. झालेले तरुण तालुक्यातालुक्यात नोकरीची वाट बघत बसलेले. एका केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून एक खेळाचा शिक्षक द्या. तो सोमवारी एका गावी जाईल, मंगळवारी दुसऱ्या. पटाची अट अशी ओलांडता येते.

आणि शाळांनीही एक सवय सोडावी. घटक चाचणी जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. गणिताचा तास खेळाला गेल्याचं कधी ऐकलंय? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंग घामेजणारी हालचाल सांगते. आठवड्याला नव्हे, रोज. २०२४ पासून शाळांत आनंददायी शनिवार आला, चांगलंच झालं. पण एका शनिवारने सहा दिवसांची भरपाई होत नाही.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असा विचार २०२३ मध्ये सरकारने पुढे आणला. त्याच्या बऱ्यावाईटावर पुष्कळ बोलणं झालं. एक मुद्दा राहून गेला. गावातली शाळा बंद झाली की पोरं गाडीने दुसऱ्या गावी जातील, संध्याकाळी परत येतील. पण शाळेचं मैदान कुणाचं होईल? कुलूप लागलेल्या शाळेपुढची जमीन फार दिवस तशीच राहत नाही. शाळा हलवण्याच्या प्रत्येक प्रस्तावात, मैदान गावातल्या पोरांसाठीच राहील, ही अट लेखी हवी.

मुलींचं मैदान कुठे जातं

चौथी-पाचवीपर्यंत मुली मैदानावर दिसतात. लंगडी खेळतात, खो-खो खेळतात, पोरांना पळण्यात हरवतात. सातवी-आठवीत त्या कडेला भिंतीशी उभ्या असतात. कुणी बंदी घातलेली नसते. घरून सांगितलेलं असतं, ‘आता मोठी झालीस.’ शाळेत मधोमध पोरांचं क्रिकेट चालू असतं. स्वच्छतागृहात पाणी नसतं. गणवेश पळण्यासारखा नसतो. आणि वरून शाळा सांगते, मुलींना खेळाची आवडच नाही.

जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलांच्या २०१९ मधल्या अभ्यासात पुरेशी हालचाल न करणारे मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के निघाल्या. आकडा दोघांचाही वाईट, मुलींचा अधिक वाईट. आणि हे अशा वयात, जेव्हा शरीर महिन्यामहिन्याला बदलतं आणि त्याची लाज वाटायला शिकवलं जातं. पळणारी मुलगी आपल्या शरीराकडे दुसऱ्या डोळ्यांनी बघते. हे पाय किती जोरात नेतात, हे हात किती घट्ट धरतात, हे तिला ठाऊक असतं. ‘खो’ म्हणून मोठ्याने ओरडायची सवय लागलेली मुलगी पुढे ग्रामसभेतही आवाज चढवू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने तो जिंकला आणि संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपल्याच मातीतला खेळ, आपल्याच राज्यातली मुलगी. मग आपल्या शाळेत आठवीची मुलगी भिंतीशी का उभी? उपाय अवघड नाही. आठवड्यातले तीन दिवस मधलं मैदान मुलींचं, हे वेळापत्रकात लिहा आणि भिंतीवर लावा. पोरं कुरकुरतील. कुरकुरू द्या, त्यांनाही यातून काहीतरी शिकता येईल.

रस्त्यावर धावणारी पोरं

पहाटे भंडाऱ्याहून साकोलीकडे जा. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने, नाहीतर आतल्या डांबरी रस्त्यांवर, अंधारात पोरं-पोरी धावताना दिसतील. ही भरतीची तयारी. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकेका सेकंदावर नोकरी ठरते. आणि या गुणांची तयारी पोरं ट्रकच्या दिव्यांसमोर करतात. धावणाऱ्यांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. ज्या शाळेने दहा वर्षं शिकवलं तिच्या मैदानावर सकाळी दोन तास धावता आलं असतं तर त्यांनी रस्ता धरला नसता. फाटकाची किल्ली कुणाकडे ठेवायची, एवढ्या प्रश्नावर त्यांचा जीव टांगणीला लावू नका.

इथे कुणीतरी अविनाश साबळेचं नाव घेतं. बीडच्या मांडव्याचा वीटभट्टी कामगाराचा पोरगा, शाळेत जायला सहा किलोमीटरची वाट, पुढे सैन्य, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण. ‘त्याला कुठे मैदान होतं?’ हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. साबळेचं कर्तृत्व त्याचं आहे. ते आपल्या आळसाला पांघरूण म्हणून वापरायचं नाही. एक साबळे वर आला तेव्हा तसेच किती पाय वाटेतच थांबले, त्याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

खेळाडूंना नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. दोन्ही हवेत. पण ते शेवटी मिळतात, घडलेल्या खेळाडूला. सुरुवात सहाव्या-सातव्या वर्षी होते आणि त्या वयाला फक्त जमीन लागते.

बैलांना पट्टी, पोरांना?

लाखनीचा शंकरपट जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. बैलजोड्या पळायच्या तर त्यांची पट्टी साफ लागते, दगड वेचावे लागतात, वाटेत कुणी काही बांधत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैलांचे मालक आणि राज्य सरकार पुन्हा न्यायालयात गेले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी आली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मला शंकरपटाबद्दल तक्रार नाही. त्यातून मला एवढंच दिसतं की आपल्याला एखादी गोष्ट प्रिय असली की आपण दिल्लीपर्यंत जातो, कायदा बदलून घेतो, जागा राखतो. आपली पोरं पळावीत हे आपल्याला तितकंच प्रिय असेल, तर दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही. ग्रामपंचायतीपर्यंत गेलं तरी पुरे.

जागा नाही, ही सबब मला मान्य नाही. खो-खोचं मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. कबड्डीचं १३ बाय १०. कडेची मोकळी पट्टी धरूनही दोन्ही पाव एकरात मावतात. त्याला गवत लागत नाही, दिवे लागत नाहीत, गॅलरी लागत नाही. चुन्याची फक्की, मुरूम आणि मन लागतं.

२६ जानेवारीला काय करायचं

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, राज्याचा क्रीडा दिन. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्य आणलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळायला २०२४ उजाडलं, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत ते मिळवलं. मध्ये ७२ वर्षं गेली. त्या दिवशी शाळाशाळांत हे सांगितलं जाईल, हार घातले जातील. त्यानंतर अकरा दिवसांनी प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा. पुढचं काम तिथलं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार कायद्याने याच समितीला दिला आहे. त्या आराखड्यात मैदानाला स्वतंत्र पान द्या. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीचे दगड रोवून घ्या, सातबारा किंवा गावठाणाच्या नोंदीत शाळेचं नाव आहे का ते बघा. मग ग्रामसभेत ठराव मांडा: या हद्दीच्या आत यापुढे कुठलंही बांधकाम होणार नाही, कितीही चांगल्या कामाचं असलं तरी, मांडव घालणारा अनामत ठेवेल, रोजचा एक तास सगळ्या वर्गांचा, आणि त्यातले मुलींचे दिवस ठरलेले, पहाटे फाटक उघडं.

अंगणवाडीला, टाकीला, समाजमंदिराला दुसरी जागा शोधताना त्रास होईल. कुणाचा रोष घ्यावा लागेल. तो मोठ्यांनी घ्यायचा असतो, आजवर तो पोरांच्या जमिनीवर ढकलत आलो. ठराव मांडायला एक पालक लागतो आणि अनुमोदन द्यायला दुसरा. आपल्या गावात ते दोघं कोण, हे २६ जानेवारीच्या आत ठरवा.